‘आमची प्रार्थना कमी पडली का?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ सतरा दिवस आयसीयूत होता. घरातले सगळे रोज ठरलेल्या वेळी एकत्र बसून त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. बाराव्या दिवशी आईला ताप होता म्हणून ती बसली नाही, आणि पुढच्या आठवड्यात भाऊ गेला. त्याच्या शेजारच्या बेडवरच्या बाई मात्र बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या प्रार्थनेनंच वाचल्या असं त्यांच्या घरचे सांगतात. प्रार्थनेचा खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर आमचंच काय कमी पडलं, असं तुम्ही विचारलंय.

मी 24 वर्षं अतिदक्षता विभागात काम करते. उत्तर आधी देते, कारणं मग सांगते. तुमचं काही कमी पडलं नाही. एकानं दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्यानं त्या दुसऱ्याचा आजार वळण बदलतो, यावर विश्वास ठेवावा असा पुरावा आजवर हाती लागलेला नाही. कोणी शोधलाच नाही, असंही नाही. कसून शोधलाय.

एक प्रसंग सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचताना तोच डोळ्यांसमोर आला. न्यूमोनियातून सेप्सिस झालेले, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव थकू लागलेले, एक गृहस्थ व्हेंटिलेटरवर होते. त्यांची मुलगी भेटीच्या वेळेला यायची, वडिलांच्या पावलांवर हात ठेवून उभी राहायची. ओठ हलत असायचे आणि नजर मॉनिटरवर. तिसऱ्या दिवशी मी जवळच होते. नाडी 132 होती, सात-आठ मिनिटांत ती 118 वर आली. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा ना मॅडम, नाव घेतलं की उतरते. रोज बघतेय मी.” मी मान हलवली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या बेडकडे गेले.

रात्री मात्र ते मनात घोळत राहिलं, म्हणून मॉनिटरमध्ये साठलेला चोवीस तासांचा आलेख उघडला. नाडी 130 च्या वर चढून पुन्हा 120 च्या खाली आल्याच्या जागा मोजल्या. अकरा निघाल्या. त्यातली एकच तिच्या भेटीतली होती. बाकीच्या दहा वेळा ती तिथे नव्हती. त्यातल्या चार तर पहाटेच्या. मग लक्षात आलं, की भेटीच्या आधी सिस्टर पेशंटला सक्शन करतात, म्हणजे श्वासनलिकेतला कफ नळीनं ओढून काढतात, कूस बदलतात, चादर नीट करतात. सक्शनची नळी आत गेली की शरीर खवळतं, नाडी चढते. नातेवाइकांना आत सोडतात तेव्हा ती नुकती उतरणीला लागलेली असते. आत येणाऱ्या प्रत्येकाला आकडा उतरतानाच दिसतो. कोणी प्रार्थना करत असो, नुसतं बघत असो, की रडत असो.

हे मी तिला सांगितलं नाही. तिला त्यातून धीर मिळतोय तर कशाला मोडा, असं वाटलं.

नवव्या दिवशी पहाटे ते गेले. कागदांवर सही करताना मुलीनं विचारलं, “काल रात्री बाहेर बाकावर मला डोळा लागला. मी थांबले म्हणून झालं का?”

तेव्हा मी सगळं सांगितलं. आलेख, अकरा वेळा, सक्शन, सगळं. पण ते ऐकून घेण्याच्या अवस्थेत ती नव्हती. ती मला आकडा दाखवत होती त्या दिवशीच सांगायला हवं होतं. उतरलेल्या आकड्याचं श्रेय तिला घेऊ दिलं, तेव्हाच चढलेल्या आकड्याचा दोषही तिच्या पदरात पडला होता. हे मला तेव्हा दिसलं नाही. म्हणूनच तुम्हाला गुळगुळीत उत्तर देणार नाही.

आता मुद्द्याकडे येते. माणसाला प्रार्थना लागू पडल्यासारखी का वाटते, याचं एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. काम झालं की आपण ‘देव पावला’ म्हणतो. नाही झालं तर ‘पावला नाही’ म्हणून हिशेबात धरत नाही. दोष स्वतःकडे घेतो. श्रद्धा कमी पडली, मन एकाग्र झालं नाही, वेळ चुकली. यश प्रार्थनेच्या खात्यात आणि अपयश माणसाच्या. असा हिशेब ठेवला तर प्रार्थना कधी हरूच शकत नाही, आणि जे हरू शकत नाही ते खरं आहे की नाही हे तपासताही येत नाही.

दुसरं कारण म्हणजे जे वाचले तेच बोलायला उरतात. प्राचीन रोमन लेखक सिसेरोनं डायागोरस नावाच्या ग्रीक माणसाची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. समोथ्रेस बेटावर त्याला समुद्रातल्या वादळातून वाचलेल्या लोकांनी वाहिलेली चित्रं दाखवली आणि विचारलं, बघ, इतके लोक नवसानं वाचले, तरी देवांना माणसांची काळजी नाही असं म्हणतोस? तो म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? तुमच्या शेजारच्या बेडच्या कुटुंबाची हकिकत दहा घरांत पोचेल. तुमची हकिकत तुम्ही कोणाला सांगायला जाणार?

आणि तिसरं, जे मी रोज बघते. माणूस कळवळून प्रार्थना कधी करतो? आजार शिगेला पोचतो तेव्हा. शिगेला पोचलेला आजार पुढे दोनच वाटांनी जातो, आणि पुष्कळदा तो उतरतोच, कारण औषध लागू पडायला दोन-तीन दिवस लागतात आणि शरीरही आपल्या परीनं झगडत असतं. प्रार्थना आणि उतार शेजारी शेजारी येतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते.

ही गाठ योगायोगाची आहे की खरी, हे ओळखायचा एकच मार्ग आहे. सारख्या पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एका गटासाठी प्रार्थना करायची, दुसऱ्यासाठी नाही, आणि कोण कुठल्या गटात आहे हे पेशंटला किंवा त्याच्या डॉक्टरला कळू द्यायचं नाही. नवीन औषध आपण असंच पारखतो.

याच्या खूप आधी, 1872 साली, फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश संशोधकानं आकड्यांवरून विचार करून पाहिला होता. राजाराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी सगळी प्रजा जाहीर प्रार्थना करते, म्हणजे ते जास्त जगायला हवेत. त्यानं घेतलेल्या नोंदींत राजघराण्यातल्या 97 जणांचं सरासरी आयुष्य 64 वर्षं निघालं आणि जमीनदार वर्गाचं 70. सुखवस्तू वर्गांत राजेच सगळ्यांत अल्पायुषी ठरले. मी याला पुरावा म्हणून फार वजन देत नाही. राजाचं जगणं आणि जमीनदाराचं जगणं यांत प्रार्थनेखेरीज शंभर फरक असतात. पण मोजून बघू या, ही वृत्ती मला मोलाची वाटते.

प्रार्थनेच्या बाजूनं सगळ्यांत जास्त सांगितला जातो तो 1988 साली प्रसिद्ध झालेला रँडॉल्फ बर्ड या हृदयरोगतज्ज्ञाचा अभ्यास. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयातला हृदयरोग्यांचा अतिदक्षता विभाग, 393 पेशंट. त्यातल्या 192 जणांसाठी बाहेरच्या श्रद्धाळू लोकांनी प्रार्थना केली. प्रार्थनेच्या गटात हृदय कमकुवत पडणं, लघवी वाढवणारी औषधं लागणं, हृदय बंद पडणं, न्यूमोनिया, अँटिबायोटिक लागणं आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागणं, या सहा गोष्टी कमी आढळल्या. ऐकून कोणीही थक्क होईल.

पण आमच्या कामातल्या माणसाला ही यादी वाचताना लगेच खटकतं. हृदय कमकुवत पडलं की फुप्फुसात पाणी साठतं, म्हणून लघवी वाढवणारी औषधं देतात. न्यूमोनिया झाला की अँटिबायोटिक द्यावंच लागतं. म्हणजे सहा दिसतात त्या मुळात सहा वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकच घटना दोन-दोन नावांनी मोजली गेली आहे. दुसरं म्हणजे या अभ्यासात पंचविसाहून जास्त गोष्टी मोजल्या होत्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 गोष्टी मोजल्या आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली (नुसत्या योगायोगानं तेवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तरच तो खरा धरायचा), तर कशाचाही काहीही परिणाम नसताना निदान एकीत तरी ‘फरक’ दिसण्याची शक्यता 64 टक्के असते. आणि ज्या गोष्टींसाठी नातेवाईक खरोखर प्रार्थना करतात त्यांचं काय? किती जण दगावले आणि घरी जायला किती दिवस लागले, यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

1999 साली अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीत 990 हृदयरोग्यांवर पुन्हा प्रयोग झाला. पेशंटची प्रकृती किती बिघडली याला गुण द्यायची स्वतःची नवी पद्धत तिथल्या संशोधकांनी तयार केली, तिच्यानुसार प्रार्थनेच्या गटाला थोडा फायदा दिसला. पण बर्डची गुणपद्धत त्याच पेशंटना लावली तेव्हा फरक उरला नाही. पहिल्या प्रयोगातला परिणाम खरा असता तर दुसऱ्यात तो त्याच मापानं दिसायला हवा होता. दर वेळी नवं माप घ्यावं लागतं, तेव्हा मला शंका येते.

आता उपचार चालू असलेल्या पेशंटवरचा सगळ्यांत मोठा प्रयोग. हर्बर्ट बेन्सन हे हृदयरोगतज्ज्ञ, मनाच्या शांततेचा शरीरावर काय परिणाम होतो याचा जन्मभर अभ्यास केलेले. प्रार्थनेविषयी त्यांना आस्था होती, आणि पैसे देणारी टेंपलटन फाउंडेशन ही संस्थाही धर्माबद्दल सहानुभूती असलेली. म्हणजे हा काही नास्तिकांनी रचलेला सापळा नव्हता. सहा रुग्णालयांतले बायपास शस्त्रक्रियेचे 1802 पेशंट घेतले आणि तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं, की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात पहिल्यासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं, की प्रार्थना नक्की होणार आहे, आणि ती झाली. प्रार्थना करणाऱ्यांना पेशंटचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर दिलं जायचं. शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, लवकर बरं वाटावं आणि गुंतागुंत होऊ नये, अशा ठरलेल्या शब्दांत चौदा दिवस प्रार्थना चालायची.

2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिनाभरात काही ना काही गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 52 टक्के होतं, दुसऱ्यात 51 टक्के. म्हणजे प्रार्थना झाली काय, न झाली काय, सारखंच. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात 59 टक्के.

या 59 वर बरीच चर्चा झाली. प्रार्थनेनं अपाय होतो असा अर्थ मी काढणार नाही. तो आकडाही योगायोगाचा असू शकतो. पण एक शक्यता मला ओळखीची वाटते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणी येऊन ‘तुमच्यासाठी खास प्रार्थना चालू आहेत’ असं सांगितलं, तर पेशंटच्या मनात पहिला विचार येतो, ‘माझं इतकं वाईट आहे का?’ अख्खं घर एकदम बेडभोवती गोळा झालं की पेशंटच्या चेहऱ्यावर ही धास्ती मी अनेकदा पाहिली आहे.

बाकीचे अभ्यास भराभर सांगते. 2005 साली अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठाच्या पुढाकारानं नऊ केंद्रांत 748 हृदयरोग्यांवर प्रयोग झाला, त्यातही प्रार्थनेचा परिणाम आढळला नाही. 2001 साली एका अभ्यासात कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारात प्रार्थनेनं यशाचं प्रमाण 26 वरून 50 टक्क्यांवर गेल्याचा दावा झाला आणि तो जगभर छापून आला. पुढे त्याच्या लेखकांपैकी एक दुसऱ्याच आर्थिक फसवणुकीच्या प्रकरणात दोषी ठरला आणि एकानं आपलं नाव काढून घेतलं. तो अभ्यास अजूनही लोकांच्या तोंडी आहे, त्याचं पुढे काय झालं हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. 2009 साली अशा दहा प्रयोगांतल्या 7646 पेशंटचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोग पारखणाऱ्या संस्थेनं घेतला. प्रार्थनेचा स्पष्ट परिणाम दिसत नाही आणि यावर आणखी प्रयोग करण्यात साधनं घालवू नयेत, असं त्यांचं मत पडलं.

एक अभ्यास मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला लावते. इस्रायलमधल्या लेओनार्ड लायबोविची या डॉक्टरनं रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या 3393 पेशंटच्या जुन्या नोंदी घेतल्या. हे पेशंट 1990 ते 1996 या काळात रुग्णालयात होते. 2000 साली त्यानं त्या नोंदींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटासाठी तेव्हा प्रार्थना करवली. म्हणजे जे केव्हाच बरे झाले होते किंवा केव्हाच गेले होते, त्यांच्यासाठी. आणि प्रार्थनेच्या गटात तापाचे आणि रुग्णालयातले दिवस कमी निघाले! घडून गेलेली गोष्ट प्रार्थनेनं मागे जाऊन बदलली, असं मानायला तुम्ही तयार आहात का? मीही नाही. पद्धत नीट दिसली आणि आकडा कसोटीला उतरला, एवढ्यावरून अशक्य गोष्ट खरी होत नाही, हे त्यावरून फार चांगलं शिकता येतं.

या प्रयोगांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की ज्या गटासाठी प्रार्थना ‘नव्हती’ त्यांच्या घरचे तर करतच असणार. हा आक्षेप खरा आहे. या प्रयोगांनी अनोळखी लोकांच्या जादा प्रार्थनेची परीक्षा घेतली. आईच्या प्रार्थनेची घेता येत नाही, कारण कोणत्याही आईला ‘तू करू नकोस’ असं सांगता येत नाही. पण मग उलट बाजूनंही विचार करा. आयसीयूतल्या बहुतेक सगळ्यांसाठी घरचं कोणी ना कोणी प्रार्थना करत असतं. जे वाचतात त्यांच्यासाठीही, जे जातात त्यांच्यासाठीही. बाहेरच्या बाकांवर मी इतकी वर्षं बघतेय. कुठल्या घरची प्रार्थना जास्त कळकळीची, हे बघून कुठला पेशंट वाचेल हे सांगता आलं असतं, तर आम्ही ते केव्हाच शिकलो असतो. आम्ही बघतो ते वय, मूत्रपिंडाचं काम, रक्तदाब टिकवायला औषध किती लागतंय, फुप्फुसं किती ऑक्सिजन घेताहेत. यांवरून अंदाज बांधता येतो.

दुसरा आक्षेप, की देवाची परीक्षा घेता येत नाही, तो प्रयोगात उतरत नाही. ज्यांची अशी श्रद्धा आहे त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण मग ‘आमच्या प्रार्थनेनं बाई वाचल्या’ हेही म्हणता येणार नाही. तोही निकालावरून काढलेला निष्कर्षच आहे.

एवढं सांगून झाल्यावर जे खरं आहे तेही सांगायला हवं. जो प्रार्थना करतो, त्याच्या स्वतःच्या शरीरात बदल होतो. 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांकडून जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणवून घेतला. दोन्हीनं श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालू लागली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण लय तीच. ही करामत संथ श्वासाची आहे. शुद्धीवर असलेल्या पेशंटला ड्रेसिंगच्या वेळी स्वतःच्या सवयीची प्रार्थना पुटपुटत राहा असं मी आजही सांगते. दुखणं तेवढंच असतं, पण त्याच्याभोवतीची भीती कमी होते. आणि सतरा दिवस तुमचं अख्खं घर रोज एका वेळी एकत्र बसत होतं, हे मी छोटं मानत नाही. अशा दिवसांत घरं एकमेकांवर ओरडून मोडतात, तेही मी पाहिलंय.

माझी हरकत सुरू होते ती प्रार्थना उपचाराची जागा घेते तिथे. अमेरिकेत 1975 ते 1995 या वीस वर्षांत श्रद्धेपोटी वैद्यकीय उपचार न मिळालेल्या 172 मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 140 मुलांना असे आजार होते, ज्यांत उपचार मिळाले असते तर जगण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त होती. त्या आईबापांची श्रद्धा कमी नव्हती. ती पूर्ण होती, म्हणूनच ते डॉक्टरकडे गेले नाहीत. प्रार्थनेला काय जमतं आणि काय नाही, याचा याहून स्पष्ट आणि याहून जड पुरावा मला माहीत नाही.

त्या मुलीनंतर मी नातेवाइकांशी बोलण्याची पद्धत बदलली. कोणी मॉनिटरकडे बघत प्रार्थना करताना दिसलं की मी खुर्ची अशी फिरवून देते, की त्यांचं तोंड पेशंटकडे राहील. आणि त्याच वेळी सांगते, की आकडा खाली आला तर तो तुमच्यामुळे नाही आणि वर गेला तरी तुमच्यामुळे नाही. प्रार्थना करा, हात धरा, बोला, घरी जाऊन झोपा. काहींना ते कोरडं वाटतं. बरेच जण मात्र खांदे सैल सोडतात, आणि त्या रात्री घरी जाऊन झोपतात.

शेजारच्या बेडच्या बाईंना नेमका कोणता आजार होता, त्यांचं वय काय, कोणते अवयव शाबूत होते, हे तुम्हाला ठाऊक नाही. आयसीयूतले दोन शेजारी बेड म्हणजे एकसारखे दोन पेशंट नव्हेत. भावाच्या उपचारांच्या नोंदींची प्रत मागून घ्या आणि त्याच्या डॉक्टरांकडे अर्ध्या तासाची वेळ मागा. आठव्या दिवशी काय होतं, बाराव्या दिवशी काय होतं, कोणता जंतू वाढला, कोणतं औषध बदललं, पहिल्यांदा कोणता अवयव थकला, हे एकेक दिवस पानं उलटून समजून घ्या. बाराव्या दिवसाच्या पानावर जे काही असेल, त्याचं मूळ आदल्या दिवसांच्या पानांत सापडेल.

ते वाचताना आईला सोबत न्या. ताप आला आणि ती एक दिवस बसली नाही, हे तिच्या मनातून जात नसेल, तर त्या दिवसाचं पान तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. तिनं विचारलं नसेल तरी वाचा. बहुतेक आया विचारत नाहीत.